बाबांना दाखवलेला पूल

बाबांना पूल दाखवायला जर्मनीला नेलं, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते, पण अर्धंच आहे. एका पुलापासून त्यांना लांब ठेवायचं होतं, म्हणून मी त्यांना दुसऱ्या पुलाकडे घेऊन गेले. आणि त्यासाठी जी लबाडी केली ती पुष्कळ दिवस नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

आई गेली त्याच्या पुढच्या जानेवारीत बाबा आमच्याकडे सिंगापूरला आले. पुंगोलला चौदाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट, खाली कालवा, आणि खिडकीसमोरून दिवसभर फेऱ्या मारणारी छोटी एलआरटी रेल्वे. लेक सात वर्षांची. नवरा बँकेत, मी तुआसला एका कारखान्यात इंजिनियर. म्हणजे बेटाच्या एका टोकाला राहायचं आणि दुसऱ्या टोकाला राबायचं. सकाळी सहाला कंपनीची बस पकडली की संध्याकाळी साडेसातला घरात पाऊल. अशा घरात आजोबा येणं म्हणजे देव पावण्यातलाच प्रकार. लेकीला शाळेच्या बसवरून उतरवून घ्यायचं, खायला द्यायचं, पाढे घ्यायचे, सगळं त्यांनी आपणहून उचललं. बाबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी त्यांना आणलं हे खरं. त्यांच्या येण्यानं आमची चांगलीच सोय झाली, हेही तितकंच खरं. लपवून काय करायचंय?

दोन-अडीच महिने बरे गेले. मार्च संपत आला तशा बाबांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. दिवाणखाना, बाल्कनी, स्वयंपाकघर, परत दिवाणखाना. पेपर उघडायचा, मिटायचा. खाली जाऊन यायचं, आल्या आल्या परत चपला घालायच्या. त्यांच्याकडे बघून मलाही बसवत नसे. मी कणीक मळतामळता विचारायची, "बाबा, काय हवंय तुम्हाला?" तर उत्तर नाही. मुद्दाम बोलत नाहीत, असं वाटून मी चिडायची. टीव्ही लावायचे तो इतका मोठ्यानं की एकदा शेजारची चिनी आजी दार वाजवून गेली. मी ओरडले की म्हणायचे, "हो हो, कमी करतो," आणि करायचे. लेकीची एक गंमत होती. आजोबांशी बोलण्याआधी ती नेहमी त्यांच्या मनगटावर दोनदा टिचकी मारायची. आम्हाला ते लाडाचं वाटायचं.

त्या येरझाऱ्यांचं कारण मला ठाऊक होतं. एप्रिल-मे म्हणजे त्यांच्या पुलाचे दिवस.

बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर नदीवर इंग्रजांच्या काळातला सात कमानींचा दगडी पूल आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पाणी ओसरल्यावर एकदा बाबा नदीच्या पात्रात उतरायचे. हातात लांब दांड्याची छोटी हातोडी. खांबाचा एकेक दगड ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर दगड जागेवर आहे, भद्द आला तर आत काहीतरी सुटलंय, त्यावर खडूनं फुली. मी शाळेत असताना त्यांच्या मागे मागे खडू घेऊन फिरायची. ते ठोकायचे आणि माझ्याकडे न बघता विचारायचे, "काय म्हणतो?" मी म्हणायची, "खणखणीत." चुकले तर डोक्यात टपली.

निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी पावसाळ्याआधीची फेरी चालूच होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारत नव्हतं. आपले जायचे, पूल ठोकून यायचे आणि आखीव कागदावर ऑफिसला पत्र द्यायचे: अमुक खांबाचे अमुक दगड बघा, बाकी पूल वाहतुकीस योग्य. मी फोनवर म्हणायची, "बाबा, कोण वाचतंय ते? रद्दीत जात असेल." ते म्हणायचे, "जाऊ दे." आई त्या पुलाला सवत म्हणायची. तिच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा तिनं त्यांना मे महिन्यात अडवलं नाही, उलट टोपी विसरू नका म्हणून सांगितलं.

आई गेली त्या वर्षीच्या मे महिन्यात बाबा पात्रात घसरून पडले. मला त्यांनी सांगितलं, पाय जरा मुरगळला. शेजारच्या काकूंनी खरं काय ते सांगितलं. भर उन्हात दोन तास ते खडकांत पडून होते, उठता येईना. वाळू भरायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना उचलून घरी आणलं. आई नाही, घरात कुणी नाही, आणि हा त्र्याहत्तर वर्षांचा माणूस एका सरकारी पुलापायी खडकात पडून राहतो. त्या दिवशीच मी ठरवलं, पुन्हा हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते ठरलं नव्हतं.

ते कंपनीनं ठरवलं. मे महिन्याच्या अखेरीला मला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला जर्मनीत जायचं होतं, रेगेन्सबुर्ग नावाच्या जुन्या शहरात. मी नेटवर शहर बघायला गेले तर पहिलाच फोटो दगडी पुलाचा. डॅन्यूब नदीवरचा, जवळजवळ नऊशे वर्षांचा. मी फोन बाबांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली केला, फोन हातात घेतला.

"अगं, हा आम्हाला पॉलिटेक्निकला होता," ते म्हणाले. "मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवला होता. खांबांभोवती बघ, होडीसारखी बेटं केलीत. पाण्यानं पाया खाऊ नये म्हणून."

"येता का बघायला?"

ते लहान मुलासारखे हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच मी त्यांना तसं हसताना बघत होते. मला इतकं बरं वाटलं की आपण गळाला आमिष लावलंय हे क्षणभर मीच विसरले.

पण बाबा पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मांडणी करून ठेवली होती. "जर्मनीच्या आधी आठ दिवस मी गावाला जाऊन येतो. ऑफिसात एक काम आहे. पूल बघतो, काम उरकतो, परत येतो. मग निवांत जाऊ."

मी म्हटलं, "पासपोर्ट व्हिसासाठी द्यावा लागेल. तो आला की बघू."

दिला. आणि पाच मेला तो परतही आला, व्हिसा चिकटवून. पाकीट माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं. मी बसमध्ये ते उघडलं, बघितलं, आणि घरी येऊन माझ्या कपाटात पैठणीच्या घडीखाली ठेवून दिलं.

संध्याकाळी दारातच बाबा उभे. "आला का गं पासपोर्ट?"

"नाही अजून."

हे पुढे रोज. मी बसमधून उतरून वर यायची आणि चपला काढायच्या आत तोच प्रश्न. "आला का?" "नाही." एकदा म्हणाले, "मी जाऊन विचारून येऊ का त्यांना?" मी खेकसले, "बाबा, ही काय तालुक्याची कचेरी आहे का? येईल तेव्हा येईल." ते चपला घालून खाली निघून गेले. मला स्वतःची लाज वाटली, पण पासपोर्ट काही मी बाहेर काढला नाही. मनात म्हणायची, पडून मेले असते म्हणजे? चांगल्यासाठीच करतेय मी. अशी दिवसातून दहा वेळा मनाची समजूत घालत होते, आणि ती काही पटत नव्हती.

त्या दिवसांत बाबा खाली बिल्डिंगच्या मोकळ्या जागेतले सिमेंटचे खांब घराच्या किल्लीनं ठोकत फिरायचे. एक मलय बाई लिफ्टमध्ये मला काळजीनं विचारायला लागली, तुझे वडील इंजिनियर ना, आपल्या बिल्डिंगला तडा गेलाय का? मी म्हटलं, नाही हो, त्यांना घरची आठवण येते. घरी येऊन मी हे सांगितलं तर लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, cannot lah, people will scared." बाबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. तिनं नेहमीची टिचकी मारली नव्हती, आणि बाबांनी नुसतीच मान डोलावली होती. हे मला आज आठवतं. तेव्हा माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

मेची वीस तारीख उलटल्यावर मी पासपोर्ट आल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांनी आमचं दोघांचं विमान होतं, लेकीला नवरा सांभाळणार होता. गावाला जाऊन यायला वेळ उरला नव्हता. बाबा म्हणाले, "राहिलं म्हणजे आता." बस, एवढंच. चांगी विमानतळावर चेक-इन झाल्यावर त्यांनी पासपोर्ट मागून घेतला, बाकावर बसून पान न पान उलटलं, व्हिसाच्या पानावर बराच वेळ थांबले, आणि मला परत दिला. म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच. माझ्याकडून हरवायचा." मी पर्समध्ये टाकला.

म्युनिकहून रेल्वेनं गेलो. सामान हॉटेलात टाकलं आणि तसेच पुलाकडे. मी आपली धास्तावलेली, की आता बाबा खूश होतात की नाही. आणि बघते तर काय, पूल अर्धा झाकलेला. दुरुस्ती चालली होती. एका भागावर मांडव घातल्यासारखं पांढरं आच्छादन, पत्रे, परांच्या, लोकांना जायला बाजूनं तात्पुरती वाट. हजारो मैल घेऊन आले आणि हे दाखवलं. मला रडू यायचं बाकी होतं.

बाबांचा चेहरा मात्र उजळला. "काम चाललंय," ते म्हणाले. "आपण बरोबर वेळेला आलो."

मग दहा दिवस त्यांचं बस्तान पुलावर. मी सकाळी ट्रेनिंगला जायची. हॉटेलच्या किटलीत पाणी उकळून मी त्यांना उपम्याचं पाकीट करून द्यायची. ते खाऊन, टोपी घालून, ते निघायचे. संध्याकाळी मी पुलावर शोधत जायची. तिथे रात्री नऊपर्यंत उजेड. बाबा कुंपणाला नाक लावून उभे असायचे आणि आत दगड बसवणाऱ्या गवंड्यांकडे बघत असायचे. चौथ्या दिवसापर्यंत ते गवंडी त्यांना हात करायला लागले होते. पुलाजवळच्या सॉसेजच्या दुकानातला धूर त्यांच्या अंगाला यायचा, आणि आम्ही शाकाहारी माणसं हॉटेलात परत आलो की ते आधी शर्ट बदलायचे.

पण तिथेही त्यांना चैन नव्हतं. बघता बघता मध्येच वळायचे आणि पुलाच्या टोकापर्यंत भराभरा जाऊन यायचे. मी विचारायची, "काय झालं?" "काही नाही." आज तारीख किती, एवढं मात्र रोज विचारायचे. तिकडे पाऊस कधी येणार ते माझ्या फोनवर बघायला लावायचे. मी म्हणायची, अजून आठ-दहा दिवस आहेत. ते बोटं मोजायचे आणि परत चालायला लागायचे. मला राग यायचा. म्हणजे इथे, जो तरुणपणी फळ्यावर बघितला त्या पुलावर उभे राहूनही, यांचा जीव तिकडे त्या सात कमानींत. मी केलेल्या एवढ्या खटपटीची किंमत शून्य.

शनिवारी मला सुट्टी होती. पुलाच्या मध्ये, नदीतच, एक बेट आहे. तिथे खाली उतरता येतं आणि कमानीच्या पोटाखाली कोरड्या जमिनीवर उभं राहता येतं. गवतावर मुलंमुली ऊन खात पडली होती. बाबा मला हाताला धरून कमानीखाली घेऊन गेले. खांबाभोवतीची ती होडीसारखी बेटं दाखवली, पाणी त्यांच्यावर आपटून कसं फुटतं, मागच्या बाजूला भोवरे कसे होतात ते सांगितलं. मग हॉटेलच्या खोलीची जाडजूड पितळी किल्ली काढली आणि खांबाचा एक दगड हळूच ठोकला.

"काय म्हणतो?"

मी हसले. "खणखणीत."

दुसरा. "आणि हा?"

"हाही."

तिसरा दगड खाली, कोपऱ्यातला. मी म्हटलं, "हा भद्द येतोय, बाबा."

त्यांनी पुन्हा ठोकला. कान दगडाजवळ नेला. पुन्हा ठोकला, जरा जोरात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला फरक कळतो अजून."

"न कळायला काय झालं?"

"मला कळत नाही," ते म्हणाले. "मला आवाजच येत नाही. दोन वर्षं झाली."

टीव्ही, ते गप्प राहणं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखणं, लेकीच्या टिचक्या, सगळं एकदम डोक्यात आलं. सात वर्षांच्या पोरीला जे कळलं होतं ते मला, त्यांच्या पोटच्या मुलीला, पाच महिन्यांत कळलं नव्हतं. मी त्यांच्यावर ओरडत होते.

बाबा बोलत होते. खालच्या आवाजात बोलतोय असं त्यांना वाटत असावं, पण कमान घुमत होती. "पहिल्या वर्षी वाटलं, वारा आहे म्हणून ऐकू येत नाही. गेल्या वर्षी कळलं. सगळा पूल ठोकला आणि एकही दगड बोलला नाही. घाबरून मागं सरलो आणि पडलो. घरी येऊन पत्र लिहायला बसलो. वाटलं, खरं लिहावं. मग वाटलं, इतकी वर्षं उभाय, यंदाही राहील. लिहिलं, पूल वाहतुकीस योग्य. दोन्ही वर्षी तेच लिहिलं."

"म्हणून गावाला जायचं होतं?"

"पूल बघून मला काय कळणार आता? ऑफिसात जायचं होतं. तोंडानं सांगायचं होतं, ती दोन पत्रं धरू नका म्हणून. पाऊस यायच्या आत."

मी तिथे दगडावर बसले. म्हटलं, "बाबा, पासपोर्ट पाच तारखेलाच आला होता. मी लपवला."

ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. गवतावरची दोन मुलं वळून बघायला लागली.

"माहितीय," बाबा म्हणाले. "व्हिसावर तारीख असते गं. चांगीलाच वाचली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू खोटं बोललीस ते मी पडू नये म्हणून. मी खोटं लिहिलं ते मला कुणी घरी बसवू नये म्हणून. तुला रागवायला मी कुठल्या तोंडानं येऊ?"

मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून परत पुलाच्या वाटेकडे बघायला लागले. गावचं ऑफिस बंद होतं, शनिवार होता. सोमवारपर्यंत काहीच करता येणार नव्हतं. ते दोन दिवस आम्ही त्या शहरात नुसते चालत होतो. बाबा पुढे, मी मागे. देवळासारखं उंच दोन टोकांचं चर्च, दगडी गल्ल्या, नदीकाठ, काय बघितलं आठवत नाही. त्यांनी मला एकदा विचारलं, "एसटीच्या किती गाड्या जातात दिवसात?" मला कुठून माहीत असणार? मग तेच म्हणाले, "सुट्ट्या आहेत, लग्नसराई आहे, जास्तच असतील."

सोमवारी सकाळी सातला, तिकडे साडेदहा वाजले असताना, हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीतून मी तालुक्याच्या ऑफिसला फोन लावला. साहेब जागेवर होते. आवाजावरून तरुण वाटले. मी बाबांचं नाव सांगताच म्हणाले, "अहो ताई, बरं झालं फोन केलात. आमच्या जुन्या साहेबांची तब्येत बरी आहे ना? यंदा त्यांचं पत्र आलं नाही अजून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही वाचता ती पत्रं?"

"वाचता म्हणजे? आमच्याकडे खाली उतरून बघायला माणूसच नाही. साहेबांच्या पत्रातल्या ओळी आम्ही आमच्या रिपोर्टात घेतो आणि पुढं पाठवतो. त्यांच्याइतका तो पूल कुणाला कळतो?"

बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. "काय म्हणतात?"

आणि खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं, कुणीच वाचली नाहीत, बाबा, रद्दीत गेली. किती सोपं होतं. त्यांचं ओझं एका वाक्यात उतरलं असतं. पंधरा दिवस खोटं बोलायची सवय झालीच होती. मी फोन हातानं दाबून धरला, टेबलावरचा कागदी रुमाल ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: तुमच्या पत्रावरच पूल चालू ठेवतात.

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि उभे राहिले. पलीकडून काय बोलतात ते त्यांना ऐकू येणार नव्हतंच, म्हणून ते नुसते सांगत सुटले. पोळलेल्या माणसासारखे, मोठ्यानं, त्या शांत खोलीत, पावाला लोणी लावणाऱ्या लोकांमध्ये.

"साहेब, मी बोलतो, तुम्ही ऐका. मला ऐकू येत नाही. आता नाही, दोन वर्षांपासून. ती दोन्ही पत्रं मी ऐकल्याशिवाय लिहिली. खोटी आहेत ती. फाडून टाका. आज माणूस खाली उतरवा. मधल्या खांबांचे पाय बघा, वाळू काढलीय लोकांनी तिथून. बघून होईपर्यंत जड गाडी सोडू नका. एसटीसुद्धा. माझं नाव सांगा. म्हणावं, म्हाताऱ्यानं फसवलं."

फोन माझ्याकडे देऊन ते खाली बसले. कप उचलायला गेले. चहा कपातून बशीत सांडला. मी पलीकडून काय येतंय ते ऐकत होते. साहेब हळू आवाजात म्हणाले, "ताई, मी बघतो." एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बघतो म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी ऑफिसात तीस वर्षं काढली त्याला सांगायला नको. मी तो शब्द लिहून दाखवला, तर बाबांनी रुमालाची घडी करून खिशात टाकली. मी म्हटलं, इथून सरळ मुंबईला जाऊ या का? ते म्हणाले, "जाऊन काय करू? कान तिथेही हेच." ठरलेल्या दिवशी आम्ही सिंगापूरला परतलो.

पुंगोलच्या घरात आता त्यांच्या येरझाऱ्या नव्हत्या. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि मी येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. मी दारातून आत आले की विचारायचे नाहीत, फक्त बघायचे. मी मान हलवायची. साहेबांना मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. जेवण कमी झालं. लेक टिचक्या मारून काहीबाही सांगायची, तर तिच्याकडेही नीट लक्ष नसायचं. मी कामावर मशीनसमोर उभी राहून घड्याळ बघायची. तिकडच्या बातम्या फोनवर उघडायची, नदी, पूल, बस असे शब्द शोधायची, आणि काही सापडलं नाही की सुटल्यासारखं वाटायचं, तेही पुढचा तास सुरू होईपर्यंतच.

रविवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. माझ्याशी त्या कधी असं बोलल्या नव्हत्या. "बापाला सांग तुझ्या," त्या म्हणाल्या, "सिंगापुरात बसून गावाचा रस्ता बंद केलान म्हणून. मंगळवारपासून पुलावर आडवे बांबू टाकलेत. ऑफिसची माणसं खाली उतरली म्हणे, चौथ्या खांबाखाली पोकळी निघाली, माणूस मांडी घालून बसेल एवढी. मान्य आहे गं, पण माझं काय? दवाखान्यात जायला लांबच्या पुलावरून दोन गाड्या बदलाव्या लागतात. बाजारात सगळे शिव्या देतायत त्यांना. साहेबानं सरळ सांगितलं, यांच्या सांगण्यावरून बंद केला."

बाबा बाल्कनीतून आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. मी फोन ठेवला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. पोकळी सांगितली. शिव्याही सांगितल्या, गाळल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, "कोण कोण देतंय शिव्या?"

"सगळं गाव. काकूसुद्धा."

"एसटी बंद आहे?"

"बंद आहे."

"सायकल?"

"कुणीच जात नाही, बाबा. बांबू टाकलेत."

"मग देऊ देत," ते म्हणाले. सोफ्यावर बसले, मग तिथेच आडवे झाले. लेकीनं त्यांच्या पायावर पंचा टाकला. ते संध्याकाळी सहाला उठले आणि म्हणाले, भूक लागलीय.